पिशवीत एकूण किती?

सहावीतल्या मुलांसमोर दोन कापडी पिशव्या ठेवा. पहिलीत शर्टाची पाच बटणं: दोन लाल, तीन पांढरी. दुसरीत दहा: तीन लाल, सात पांढरी. सगळी बटणं मुलांदेखत मोजून आत टाका. मग विचारा, डोळे मिटून एकच बटण काढायचं आहे, लाल निघालं तर जिंकलात. हात कुठल्या पिशवीत घालाल? बरीच बोटं दुसऱ्या पिशवीकडे वळतात. का, असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "तिच्यात लाल जास्त आहेत ना!"

उत्तर चुकलं आहे, पण मुलानं विचार केलेला आहे. त्यानं मोजलं आणि बरोबर मोजलं. तीन हे दोनपेक्षा जास्तच. त्यानं मोजली ती फक्त लाल बटणं. एकूण किती, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. पहिल्या पिशवीत पाचांत दोन लाल, म्हणजे दहांत चार. दुसरीत दहांत तीन. हात पहिल्या पिशवीत घालायला हवा.

ज्या मुलांनी पहिली पिशवी निवडली त्यांनाही कारण विचारायला विसरू नका. कुणी म्हणेल, "तिच्यात पांढरी कमी आहेत." कुणी म्हणेल, "तिच्यात लाल-पांढऱ्यांत एकाचाच फरक आहे, दुसरीत चाराचा." उत्तर बरोबर, रस्ता चुकीचा. असल्या बरोबर उत्तराला शाबासकी मिळाली की चूक आत घर करून बसते. म्हणून लगेच दुसरी जोडी पुढे करावी. एका पिशवीत एक लाल, दोन पांढरी. दुसरीत चार लाल, सहा पांढरी. आता 'पांढरी कमी' म्हणणारा आणि 'फरक कमी' म्हणणारा, दोघेही पहिल्या पिशवीकडे जातात आणि दोघेही चुकतात. तीनांत एक म्हणजे शंभरात ३३, दहांत चार म्हणजे शंभरात ४०. 'लाल जास्त' म्हणणारा मात्र या वेळी नेमका बरोबर पिशवीशी पोचतो. दोन्ही जोड्या एकापाठोपाठ सोडवल्या की या तिन्हीपैकी एकही आडवाट शिल्लक राहत नाही. उरतो तो एकच प्रश्न: कितीपैकी किती?

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इन्हेल्डर यांनी मुलांच्या मनात 'योगायोग' ही कल्पना कशी घडते यावर १९५१ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रयोग आपल्या पिशव्यांसारखाच आहे. काही चकत्यांच्या पाठीवर फुली असायची, काही कोऱ्या असायच्या. असे दोन ढीग मुलाला आधी उलगडून दाखवायचे, मग चकत्या पालथ्या घालून मिसळायच्या आणि विचारायचं, फुलीची चकती कुठल्या ढिगातून सहज सापडेल? लहान मुलं फुल्या मोजायची. ढिगातल्या एकूण चकत्यांशी फुल्यांचं नातं जोडणारं उत्तर साधारण अकरा-बारा वर्षांच्या आसपास पक्कं होताना दिसलं. आपल्याकडे हे सहावी-सातवीचं वय.

याच वयाला गुणोत्तरही शिकायचं असतं, आणि तिथेही अडचण सारखीच असते. अमेरिकेत बर्कली इथे रॉबर्ट कार्प्लस यांनी वापरलेलं एक कोडं शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. एक बुटका माणूस आणि एक उंच माणूस. दोघांची उंची बटणांनी मोजली: बुटका चार बटणं, उंच सहा बटणं. मग कागदाला लावायच्या टाचपिनांनी बुटक्याची उंची मोजली, ती सहा पिना भरली. उंच माणूस किती पिनांचा? पुष्कळ मुलं आठ म्हणतात. बटणांत दोनाचा फरक होता, म्हणून पिनांतही दोनाचा. खरं उत्तर नऊ. उंच माणूस बुटक्याच्या दीडपट आहे आणि मोजायचं साधन बदललं तरी दीडपट ही दीडपटच राहते. फरक मात्र साधनाप्रमाणे बदलतो. आठ म्हणणारं मूल बेरीज-वजाबाकीच्या जगात आहे, नऊ म्हणणारं गुणाकार-भागाकाराच्या जगात आलं आहे. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर गणितातला याहून मोठा प्रवास मला दुसरा दिसत नाही.

आपल्या पाठ्यक्रमात हे दोन विषय एकमेकांपासून फार लांब पडले आहेत. बालभारतीच्या पुस्तकांत गुणोत्तर-प्रमाण सहावी-सातवीपासून भेटतं. 'संभाव्यता' हे प्रकरण आजवर दहावीत येत आलं आहे, आणि येतं तेच नमुना अवकाश, निष्पत्ती, घटना असा जड पोशाख घालून. तोवर मुलगा पंधरा वर्षांचा झालेला असतो. लुडो, पत्ते, क्रिकेटची नाणेफेक यांतून त्यानं नशिबाबद्दलची आपली मतं केव्हाच बनवलेली असतात. माझं म्हणणं असं की संभाव्यतेची पहिली ओळख गुणोत्तराच्याच तासाला करून द्यावी. सूत्र नको, व्याख्याही नकोत. दोन पिशव्या आणि 'कितीपैकी किती' हा प्रश्न पुरे.

हा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही. ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी त्रैराशिकाला जो मान दिला तो गणिताच्या दुसऱ्या कुठल्याही रीतीला दिलेला नाही; नारायणानं जग व्यापावं तसं त्रैराशिकानं सगळं गणित व्यापलं आहे, अशा आशयाचं ते लिहितात. त्यांचं पहिलंच उदाहरण केशराचं आहे: ३/७ निष्काला अडीच पळं केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पळं. प्रमाण, फल, इच्छा अशा तीन राशी माहीत, चौथी काढायची. चाळीसगावजवळच्या पाटणे गावात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. खानदेशातल्या शिक्षकानं वर्गाची सहल तिथे न्यावी आणि केशराचं उदाहरण तिथेच फळ्याशिवाय सोडवून घ्यावं.

पाचांत दोन म्हणजे शंभरात किती, हे त्रैराशिकच आहे.

प्रमाण समजलेला मोठा माणूस नशिबाच्या खेळात चुकत नाही, असं मात्र समजू नये. व्हेरोनिका डेनेस-राज आणि सेमूर एपस्टाइन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांपुढे रंगीत गोळ्यांची दोन भांडी होती. एकात दहा गोळ्या, त्यांतली एक लाल. दुसऱ्यात शंभर, त्यांतल्या पाच ते नऊ लाल. लाल निघाली तर पैसे मिळणार. दहांत एक म्हणजे शंभरात दहा, हे लोकांना कळत होतं; तरीही अनेकांचा हात शंभराच्या भांड्याकडे गेला, कारण तिथे लाल 'जास्त दिसत' होत्या. सहावीतल्या मुलाची 'लाल जास्त'ची ओढ वयानं मरत नाही, नुसती दबून राहते. म्हणून तिला एकदा उत्तर देऊन भागत नाही. तिच्यापुढे नव्या नव्या पिशव्या ठेवत राहावं लागतं.

'कितीपैकी किती' यातला 'किती' मोजताना दुसरी अडचण येते, आणि ती थोरामोठ्यांनाही आली आहे. फ्रेंच गणिती द'अलांबेर यांनी १७५४ मध्ये त्या काळच्या प्रसिद्ध फ्रेंच ज्ञानकोशात नाणेफेकीवर नोंद लिहिली. नाणं दोनदा फेकायचं. निदान एकदा तरी छापा पडण्याची शक्यता किती? त्यांनी तीन प्रकार धरले. पहिल्याच फेकीत छापा पडला की खेळ संपला. आधी काटा मग छापा. दोन्ही वेळा काटा. तीनांपैकी दोन प्रकारांत छापा येतो, म्हणून दोन तृतीयांश. खरं उत्तर तीन चतुर्थांश. तीन प्रकार खरेच आहेत, पण ते समान वजनाचे नाहीत. पहिल्या फेकीत छापा, हा एकटा प्रकारच निम्म्या वेळा घडतो. उरलेल्या निम्म्यात बाकीचे दोन वाटून घेतात.

वर्गात मुलंही हेच म्हणतात: दोन नाण्यांत दोन छापे, दोन काटे किंवा एकेक, म्हणजे तिन्हींची संधी सारखी. त्यांना लगेच सुधारू नका. फळ्यावर त्यांचाच अंदाज लिहा. चाळीस मुलांनी दहा-दहा वेळा दोन नाणी फेकली की चारशे फेकी होतात. मुलांच्या मते प्रत्येक प्रकार १३३ च्या आसपास यायला हवा. मग फेका आणि मोजा. 'एकेक'चा आकडा दोनशेच्या जवळ जातो, उरलेले दोन शंभरच्या जवळ. वर्ग चक्रावला की एकच बदल सुचवा: एक नाणं रुपयाचं घ्या, दुसरं पाच रुपयांचं. आता 'रुपयाचा छापा, पाचाचा काटा' आणि 'रुपयाचा काटा, पाचाचा छापा' हे वेगळे दिसतात. चार प्रकार मुलंच मांडतात. समसंभाव्य निष्पत्ती हा दहावीतला शब्द यायला अजून तीन-चार वर्षं असतात, पण त्यामागचं कारण त्यांच्या हातात आलेलं असतं.

नाण्यानंतर फासा घ्यायची पद्धत आहे. मी त्याआधी चिंचोके घेईन. अष्टाचंगा किंवा चल्लस-आठ महाराष्ट्रात घराघरांत खेळला गेलेला खेळ आहे आणि त्याला फासा लागत नाही. चिंचोके मधून फोडायचे, आतली बाजू दगडावर घासून पांढरी करायची, पाठ तपकिरीच राहते. असे चार अर्धे चिंचोके टाकायचे. जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चार, आणि चारही तपकिरी पडले तर एकदम आठ! नियम गावोगाव थोडे बदलतात, आठाचं कौतुक सगळीकडे सारखं.

आधी मुलांना कागदावर धरायला सांगा की प्रत्येक चिंचोका पांढरा किंवा तपकिरी पडण्याची शक्यता सारखी आहे. चार चिंचोक्यांच्या सोळा निष्पत्ती होतात. एक पांढरा चार प्रकारे, दोन सहा प्रकारे, तीन चार प्रकारे, चारही पांढरे एकाच प्रकारे आणि चारही तपकिरी एकाच प्रकारे. आठाची संधी सोळात एक. ज्यानं हा खेळ रचला त्यानं सगळ्यात जास्त घरं नेमकी विरळ दानाला दिली. एका टाकीत सरासरी किती घरं पुढे जाता, हेही आठवीतलं मूल काढू शकतं: सोळा टाकींत चाळीस घरं, म्हणजे सरासरी अडीच.

मग खरे चिंचोके टाका. कागद आणि चिंचोके यांचं जमत नाही, आणि खरं शिक्षण इथून सुरू होतं. पाठीचा फुगवटा, घासण्याची खोली, जमीन सारवलेली आहे की फरशीची, सगळ्याचा दानावर परिणाम होतो. समजा एका मुलीच्या चिंचोक्यांचा पांढरा भाग शंभरात चाळीस वेळाच वर येतो. तेव्हा चारही तपकिरी पडण्याची संधी सोळात एक राहत नाही. ती शंभरात जवळजवळ तेरा होते. चारही पांढरे मात्र शंभरात दोन-तीनदाच. तिचे चिंचोके आठ देणारे आहेत आणि हे तिला खेळायच्या आधी सांगता येतं! हे कळण्यासाठी तिनं प्रत्येक चिंचोका शंभरदा टाकून नोंद ठेवायला हवी. सारखेपणा गृहीत धरायचा नसतो, तपासायचा असतो, हे पुस्तकातल्या निर्दोष फाशापेक्षा घासलेला चिंचोका जास्त चांगलं शिकवतो.

पण शंभरदाच का? दहादा टाकून का भागत नाही? या प्रश्नाला जॉन केरिच यांच्या गोष्टीइतकं चांगलं उत्तर मला माहीत नाही. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे हे गणिती १९४० च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला सासुरवाडीला गेले होते. तेवढ्यात जर्मनीनं डेन्मार्क व्यापलं आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून केरिच नजरकैदेत पडले. छावणीत वेळच वेळ होता. एका सोबत्याच्या मदतीनं त्यांनी नाणं दहा हजार वेळा फेकलं आणि प्रत्येक निकाल लिहून ठेवला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्यांनी ते पुस्तकरूपानं प्रसिद्ध केलं.

पहिल्या १० फेकींत ४ छापे. १०० मध्ये ४४. १,००० मध्ये ५०२. आणि १०,००० मध्ये ५,०६७. मुलांना हे चार आकडे द्या आणि निम्म्यापासून किती लांब आहेत ते काढायला सांगा. एकानं कमी, सहानं कमी, दोननं जास्त, सदुसष्टनं जास्त. वर्गात कुणीतरी नक्की म्हणेल, "मग हे तर बिघडत चाललंय!" आता टक्केवारी काढू द्या: ४०, ४४, ५०.२, ५०.६७. फरकानं पाहिलं तर नाणं निम्म्यापासून लांब गेलं. प्रमाणानं पाहिलं तर दहा टक्क्यांवर असलेला फरक एका टक्क्याच्या आत आला. बुटक्या आणि उंच माणसाचं कोडंच इथे पुन्हा समोर येतं. जो वर्ग पिना मोजताना आठावरून नवावर आला, त्याला केरिच यांचे आकडे समजतात.

याच आकड्यांवरून 'लागोपाठ चार छापे पडले, आता काटाच पडणार' या समजुतीचाही निकाल लागतो. नाणं मागची थकबाकी चुकवत नाही. दहा हजार फेकींनंतरही सदुसष्ट छापे जास्तच राहिले; ते भरून काढायला कुणी धावून आलं नाही. पुढच्या फेकींच्या गर्दीत त्यांचं वजन फक्त कमी होत गेलं.

थोड्या फेकींवर विसंबू नये हे मुलं मोठी झाल्यावर आपोआप शिकतील, अशी आशा ठेवू नका. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७२ मध्ये एक प्रश्न मांडला होता. मोठ्या रुग्णालयात रोज सुमारे ४५ बाळं जन्मतात, लहान रुग्णालयात १५. वर्षभरात ६० टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मलेले दिवस कुठे जास्त असतील? बरेच जण म्हणाले, सारखेच. उत्तर आहे लहान रुग्णालय, कारण थोड्या जन्मांत प्रमाण सहज हलतं. इस्राएलचे एफ्राइम फिशबाइन यांनी एका सहकाऱ्याबरोबर अशा प्रश्नांवर पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि महाविद्यालयातले विद्यार्थी तपासले. ते संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. काही गैरसमज वयाबरोबर ओसरत गेले. पण या रुग्णालयांच्या प्रश्नातली चूक वाढत्या इयत्तांबरोबर वाढत गेली. मला याचं कारण पटण्यासारखं वाटतं: मोठ्या मुलांना प्रमाण येतं, आणि ६० टक्के म्हणजे ६० टक्के, मग रुग्णालय कुठलं का असेना, असं ती म्हणतात. शिकलेल्या प्रमाणानंच त्यांना फसवलेलं असतं. म्हणून गुणोत्तर शिकवतानाच सांगायला हवं की प्रमाण कितीतून काढलं आहे, हेही प्रमाणाबरोबर लिहायचं. नाण्याच्या १० फेकींत ७ किंवा अधिक छापे पडायची शक्यता १७ टक्के आहे. १०० फेकींत ७० किंवा अधिक पडायची शक्यता सुमारे पंचवीस हजारांत एक. दोन्ही ठिकाणी सत्तर टक्केच.

मोजलेल्या थोड्यावरून न मोजलेल्या पुष्कळाकडे जाणं ही विद्या आपल्या कथांनीही ओळखली होती. वनपर्वातल्या नलोपाख्यानात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघाला आहे आणि रथ हाकतो आहे बाहुकाच्या वेषातला नळ. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याकडे नजर टाकून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो थांबतो, मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. राजानं हिशेब कसा केला ते कथा उलगडून सांगत नाही. पण फाशांचं रहस्य आणि संख्येचं ज्ञान या दोन्ही विद्या आपल्याकडे आहेत, असं तो एका दमात सांगतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं टाकत, हे लक्षात घेतलं की या प्रसंगाची रचना किती नेमकी आहे ते कळतं.

फ्रान्समध्ये गी ब्रूसो यांनी १९७० च्या दशकात दहा-अकरा वर्षांच्या मुलांकडून असंच काम करवून घेतलं. अपारदर्शक बाटलीत दोन रंगांचे पाच मणी. बाटली उलटी केली की तोंडाशी एकच मणी दिसतो. रंग लिहायचा, बाटली हलवायची, पुन्हा उलटी करायची. उघडायची नाही. आत कुठल्या रंगाचे किती, ते या नोंदींवरून ठरवायचं. आपल्या वर्गात औषधाची गडद बाटली आणि काळे-पांढरे मणी एवढ्यावर हे जमतं. पाचच मणी असल्यानं काळ्यांचं प्रमाण २०, ४०, ६० किंवा ८० टक्के यांपैकीच काहीतरी असणार. दहा नोंदींत गट सहज फसतो. शंभर नोंदींनंतर मात्र क्वचितच चुकतो.

याच प्रयोगात एक प्रसंग हमखास घडवून आणावा. एकाच बाटलीवर दोन गटांना बसवा. समजा पहिल्या गटानं १० वेळा बाटली उलटली आणि ७ वेळा काळा दिसला: ७० टक्के. दुसऱ्यानं ४० वेळा उलटली, २२ वेळा काळा: ५५ टक्के. आता वर्गानं मिळून एकच आकडा सांगायचा. मुलं ७० आणि ५५ ची बेरीज करून दोननं भागतात आणि ६२.५ म्हणतात. तेव्हा विचारा, दहा वेळा पाहणाऱ्यांचं आणि चाळीस वेळा पाहणाऱ्यांचं मत सारखंच मोजायचं का? कुणीतरी टक्केवारी पुसून मूळच्या नोंदींकडे जातं. काळे ७ आणि २२, एकूण २९. पाहिलं १० आणि ४० वेळा, एकूण ५०. पन्नासांत एकोणतीस, म्हणजे ५८ टक्के. ते साठाच्या जवळ आहे. पाचांतले तीन मणी काळे असावेत. मग दोन्ही गटांना आणखी पन्नास-पन्नास नोंदी करायला बसवावं.